आठव्या अध्यायातली बाई

(कल्याण, १९५५. ख्रिस्ती कीर्तनकार विश्रामबाबांचं घर. आज संध्याकाळी जवळच्या मोहने गावातल्या चाळीत त्यांचं कीर्तन आहे.)

विश्राम : थांब, जॉर्जिना. योहानाच्या शुभवर्तमानातल्या सातव्या अध्यायावरून एकदम नवव्यावर कशी गेलीस?

जॉर्जिना : पुस्तिकेत तसंच आहे, बाबा.

विश्राम : कसं असेल? काल विषयांची नावं वाचलीस, त्यात आठव्यावरचा निबंध होता. दरवर्षी विलायतेत शास्त्राचे अभ्यासक जमतात, भांडतात, आणि काही महिन्यांनी त्यांचं भांडण अशा पुस्तिकेत छापून बोटीनं आपल्या घरी येतं. मला इंग्रजी येत नाही, पण ही एक सभा मी घरबसल्या कधी चुकवलेली नाही. आणि माझी लेक पानं गाळते?

जॉर्जिना : उद्या वाचते ना. त्र्यंबकराव पेटी घेऊन निघालेसुद्धा असतील. तुम्ही आधी चहा घ्या.

विश्राम : चहा! म्हणजे नक्कीच काहीतरी वाईट आहे. गेल्या वर्षीचा तो चिडका म्हातारा पुन्हा बोललाय का?

जॉर्जिना : तोच आहे.

विश्राम : मग वाच. चिडका आहे, पण लबाड नाही.

जॉर्जिना : तो म्हणतो... व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट सगळ्यांत जुन्या हस्तलिखितांत नाहीच. ती योहानाची नसावी. मागाहून कुणीतरी घातली.

विश्राम : कुठली बाई? आपली?

जॉर्जिना : आपलीच. ज्याच्यात पाप नाही त्यानं पहिला धोंडा टाकावा, असं म्हणून येशूनं जिला सोडवली, ती.

विश्राम : आजचंच आख्यान.

जॉर्जिना : म्हणून तर गाळत होते.

विश्राम : तुझ्या जन्माआधीपासून गातोय गं मी ते... त्र्यंबकरावांना सांग, आज उधळ्या पुत्राचं लावू. जे शास्त्रातलं आहे की नाही तेच ठाऊक नाही, ते देवाचं म्हणून कुठल्या तोंडानं गाऊ?

जॉर्जिना : सगुणा! अगं, दारात कधीची उभी आहेस?

सगुणा : झांजा न्याया आलेली. बाबा, मंग त्या बाईला सोडलीच नाय का?

विश्राम : तसं नव्हे, सगुणे. विद्वान म्हणतात की—

सगुणा : माझ्यावर नवऱ्यानं आळ घेतला तवा चाळीनं माझी भांडी बाहेर फेकली. तुम्ही आलात, हीच बाई गायलात. दुसऱ्या दिवशी शेजारच्या कलावतीनं माझा हंडा उचलून परत खोलीत आणून ठेवला. फेकलावता पन तिनंच! आता नवरा माझ्याशी पुन्हा बोलाया लागलाय. आज सगळी चाळ येनार हाय. त्यांना काय सांगनार, ती गोष्ट खोटी व्हती?

विश्राम : ...जॉर्जिना, पान पुरतं वाच. म्हातारा आणखी काय म्हणतो?

जॉर्जिना : म्हणतो, गोष्ट जुनी आहे, पण तिला ठरलेली जागा नव्हती. कुठल्या प्रतीत ती योहानाच्या अगदी शेवटी, कुठल्या प्रतीत लूकमध्ये. नकलणाऱ्यांना ती कुठे ठेवावी कळेना, आणि टाकून देणंही जिवावर आलं असावं.

विश्राम : म्हणजे दारोदार हिंडली बिचारी.

जॉर्जिना : शेवटी कुणीतरी आठव्या अध्यायात घेतली.

विश्राम : कोणी?

जॉर्जिना : ते माहीत नाही, म्हणतो.

विश्राम : देव त्या म्हाताऱ्याचं भलं करो. सगुणे, आज तीच बाई. पण पूर्वरंगात मी खरं ते सांगणार. जुन्या पोथ्यांत हिला जागा नव्हती, मंडळी, ही दारोदार फिरली. तुमच्या दारी आली असती तर काय केलं असतंत? एवढं विचारीन, आणि मगच आख्यान.

जॉर्जिना : चर्चचे पाळकसाहेब रागावतील, बाबा.

विश्राम : त्यांना हे पान वाचून दाखव. तुझ्या इंग्रजीपुढे ते गप्प बसतात. आणि सगुणे, दर वेळेसारखं आज दाराशी बसायचं नाही. पुढे ये, पेटीशेजारी.

सगुणा : झांजा धरीन, बाबा. पन बसते दाराशीच.

जॉर्जिना : अगं, अजून कसली भीती?

सगुणा : भीती नाय, बाय. नवरा यील उशिरानं. आत याया लाजंल. दार उघडाया कुनीतरी पायजे.