झेंडूचा हार आणि मळणीयंत्र

सन्माननीय अध्यक्ष, मंचावरचे मान्यवर, वकील संघाची मंडळी, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या आमच्या पद्माबाई वकील, आणि समोर बसलेल्या मायबहिणींनो,

मी केशरबाई, सेनगावाकडची. मला भाषणाला काहून उभं केलं असल? माझा उजवा हात मनगटापासून न्हाई, आणि त्याचा खटला पद्माबाईंनी लढवला, म्हणून.

आमच्याकडं दसऱ्याला यंत्राची पूजा होते. मी नव्या मळणीयंत्राच्या तोंडाला झेंडूचा हार बांधला. दुसऱ्या दिवशी सोयाबीन टाकून राहिले होते, तर हाराचा दोरा बांगडीत गुतला अन् त्याच्यासंगं हात आत गेला.

मग काय, गावभर एकच बोलणं: हिच्या हारानं हात गेला. आमचे मालक तसे देवमाणूस, तिथं पुढं बसलेत. पण तेबी म्हणायचे, "तोंडाला काहून बांधलास?" जखम भरली, हे बोलणं काही भरंना. मी पूजा सोडली, हाराला शिवले न्हाई.

कंपनीनं ग्राहक आयोगात तेच धरलं, चूक बाईची. पद्माबाईंचा आवाज तुमाला ठाऊकच हाय, कधी चढत न्हाई. यंत्र घरी पोचवणाऱ्या कंपनीच्या माणसाला त्यांनी विचारलं, "तुम्ही यंत्र दिलं तेव्हा नारळ फोडला?"

"हो."

"हार घातला? कुठं?"

"तोंडाला. आम्ही सगळीकडं तिथंच घालतो, फोटोत शोभून दिसतो."

मग पद्माबाई आयोगाला म्हणल्या, "इथं यंत्राला हार पडणार, हे कंपनीला पक्कं माहीत होतं. तरी तोंडाशी हात पोचू नये असं झाकण बसवलं न्हाई. सांगा, चूक कोणाची?"

निकाल लागला, दोष यंत्राचा. ह्या बाईनं आमच्या ओट्यावर बसून तो साऱ्या गावाला वाचून दाखवला. भरपाई तर भेटलीच, पण त्या दिवशी मी लई रडले. माझी मान वर झाली ती पद्माबाईंमुळं. असा वकील हिंगोलीला परत भेटल का?

तुमी शांतपणे ऐकून घेतलं, उपकार झाले. कुठं शब्द वाकडा गेला असल तर आपली समजून पदरात घ्या.

आता सत्काराचा मान मला दिलाय. हार झेंडूचाच हाय, सकाळी मालकांनी ओवला. पण एका हातानं तो गळ्यात घालता येत न्हाई.

अहो, वर या. दुसरं टोक तुमी धरा.