आत्यांनी न घासलेला कलदार

मंडळी, सावलीला सरका आधी. अप्पा असते तर तुम्हाला उन्हात बघून माझ्यावरच खेकसले असते. अप्पांच्या शोकसभेत मी बोलायचं, हे मनात कधी आलं नव्हतं. आपल्या दूध संस्थेची अध्यक्ष म्हणून तुम्ही उभं केलंय, तर बोलते.

अप्पा संस्थेचे सचिव. सकाळी दूध घ्यायचे अन् दुपारी त्याच टेबलावर भिंग लावून इंग्रजांची जुनी नाणी बघत बसायचे. राणीचा चांदीचा रुपया, म्हणजे आपला कलदार, दिसला की जेवण विसरायचे.

तो दुष्काळ आठवतो ना? माझ्या सासूबाईंनी, आत्यांनी, म्हशी जगवायला लग्नातला कलदारांचा हार विकायला काढला. चिंच अन् राख लावून असा घासला, की लखलखीत! मोठ्या तोऱ्यात अप्पांपुढं ठेवला.

अप्पांनी कपाळावर हात मारला. "अहो वैनी, कावून घासलं? ती काळी झाक बघूनच छंदवाले पैसे मोजतात. आता नुसता चांदीचा भाव. त्यात ह्या कड्या डकवलेल्या, त्याची घट कापतील ती वेगळी."

आत्या कसल्या ऐकतात! "लक्ष्मीपुढं काय काळंमिट्ट ठेवावं का?" असं म्हणत त्यांनी कनवटीचा एक सुटा कलदार काढून आपटला. तो घासायचा राहिला होता.

अप्पा भिंगातून बघतच राहिले. मुकुटाची नक्षी शाबूत, केसांची रेघ न् रेघ शाबूत. "वैनी, हार ठेवा घरात. हा एकच विका. ह्या सालाचा लई दुर्मिळ, मी जन्मभर हुडकतोय."

"मग तुमीच घ्या की."

"भाव मीच सांगायचा अन् घ्यायचाही मीच? न्हाई जमत."

एसटीनं औरंगाबादला गेले. व्यापाऱ्याशी भांडून भाव काढला अन् सगळे पैसे आत्यांच्या पदरात टाकले. म्हशी जगल्या, हारही वाचला. अप्पांच्या पेटीत त्या सालाची जागा मात्र शेवटपर्यंत रिकामी. मी एकदा विचारलं, वाईट वाटत नाही का हो? "वाटतं की. लई वाटतं," म्हणाले.

परवा अप्पांना न्यायच्या वेळी कपाळाला रुपया लावायचा होता. आत्यांनी हारातला एक कलदार सोडवला. इतक्या वर्षांत तो परत काळा पडलाय. सवयीनं चिंच हातात घेतली, अन् थांबल्या.

"नको," म्हणाल्या. "अप्पांना काळाच आवडतो."

तसाच लावला.

उठा मंडळी. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. अप्पा, राम राम घ्या आमचा.