दुपारचा आकडा

...छे छे, सही-बिही काही नको, ट्रंक न्या तुम्ही. पण बसा, चहा तरी घ्या. थोरली बहीण ना तुम्ही — हनवटी तीच, म्हणून ओळखलं. दोन पावसाळे राहिला तुमचा खिएम इथं. तो हनोईचा इंजिनिअर, मी आपला लाल नदीच्या बांधावर पाण्याची पट्टी वाचणारा, पण काका म्हणायचा मला. ‘थुआत काका, तुमच्या बारा वर्षांच्या वह्या म्हणजे सोनं!’ आता त्यात काय सोनं? दिवसातून तीनदा उतरायचं, खांबावर पाणी कुठल्या रेघेला टेकलंय बघायचं, लिहायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. त्यावर हा गणितं मांडायचा. म्हणे, पाणी काही फासा नाही काका, आत्ता असतं तिथूनच पुढं सरकतं — सकाळी पाणी सहाच्या रेघेच्या वर असलं, तर दिवसात आठची रेघ ओलांडेल का, याचा अंदाज काढता येतो. आठची रेघ म्हणजे बांधाचा माथा. आणि त्या दिवशी काढला की अंदाज! पाणी सहाच्या वर, गाव गाठोडी बांधून उभं, आणि हा शहाणा म्हणतो — शंभरात एक वेळ, घरं सोडू नका.

दुपारी बांधावरून पाणी आलं. अकरा माणसं गेली, बाई. माझी सून गेली, कडेवर नात होती तिच्या.

मग लोक सोडतात होय? पहिला फटका माझा, नाही कशाला म्हणू — कावडीचा बांबू, असा खांद्यावर. काडकन हाड मोडलं. मग सगळेच तुटून पडले, वल्ही काय, फावडी काय. नाकातोंडातून रक्त, चिखलात रांगतोय, तरी तोंड बंद नाही मेल्याचं! ओरडतोय — ‘आकडे तुमचेच, काका! बारा वर्षांत दुपारी एकदासुद्धा वर गेलेलं नाही!’

आता नाही गेलं म्हणजे — भर उन्हात साठ पायऱ्या उतरून बघा तुम्ही एकदा! सकाळचा आकडा असायचा, संध्याकाळचा असायचा, त्या दोहोंच्या मधला धरून दुपारचा म्हणून लिहून टाकायचा. कुणाचं काय बिघडलं? बारा वर्षं काही बिघडलं नाही. डोंगरातलं पाणी दुपारी यायचं, चढायचं, उतरायचं, मी घोरत पडलेलो. संध्याकाळी खांबाला वरपर्यंत ओला गाळ दिसायचा, तो पुसून काढायचो...

म्हणून दुसरा फटका तोंडावर. लोक ऐकत होते ना! दात पडले, तरी बोलतोय, म्हणून आणखी एक. मग गप्प झाला.

असं काय बघताय? उचला ती ट्रंक, होडी सुटेल. आणि त्या वह्या खाली ठेवा. सरकारी आहेत त्या. ठेवा म्हणतो ना!