जावईबापूंचं बटण

नाही नाही, तुम्हीच सांगा, होडीच्या मोटरीने कुठे असावं? पाण्यात! बरोबर? शेंबडं पोरही सांगेल. आणि आमची मोटर कुठे होती? हवेत! ऐन तळ्याच्या मध्यावर, पोरगी होडीत कळा देतेय, आमची ही तिचा हात धरून बसलीय, आणि मोटरबाई शेपटी वर करून हवा खातायत... पंखा गरागरा फिरतोय, पाण्याचा थेंब त्याला लागत नाही, आणि जावईबापू मला सांगतायत, "मामा, घाबरू नका, फक्त बटण दाबायचं!"

थांबा, आधीचं सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा उगाच जावयावर घसरतो.

माझी होडी आहे. या काठची माणसं त्या काठाला, त्या काठची या काठाला, जन्म गेला त्यात. मागच्या फळीला मोटर. काठ जवळ आला, दगड लागायला लागले की मोटर हाताने उचलायची, खुंटीला अडकवायची, पाणी खोल झालं की सोडायची. धप्प! संपलं! यात कुणाचं काही अडलं होतं का? माझं नव्हतं, मोटरीचं नव्हतं, तळ्याचं तर नव्हतंच नव्हतं. पण जावयाने पाहिलं. जावई इंजिनिअर. गाड्यांची दारं आपोआप उघडणारी यंत्रं बनवतो, म्हणजे ज्या कामाला देवाने प्रत्येकाला धडधाकट हात दिलेत, ते काम! मला मोटर उचलताना बघून त्याचा जीव कळवळला. "मामा, या वयात? मी ॲक्चुएटर बसवून देतो." मला वाटलं शिंकला. मी रुमाल पुढे केला.

तर ते काय असतं, एक लोखंडी नळी, तिच्यातून दांडा बाहेर सरकतो, मोटरीला ढकलतो, मोटर वर. दांडा आत, मोटर खाली. विजेवर. आणि वर आणखी शहाणपण म्हणजे सेन्सर, यंत्राचा डोळा हो, त्याला तळ जवळ दिसला की मोटर आपली आपण वर! "तुम्ही काही करायचंच नाही मामा. फक्त बटण दाबायचं." आता नको म्हणता येतं का? भावाला म्हणता येतं, शेजाऱ्याला म्हणता येतं, जावयाला नको म्हटलं की ही अशी बघते ना माझ्याकडे, की त्यापेक्षा तळं पोहून गेलेलं बरं.

बसवलं. थोडे दिवस चाललंही, खोटं कशाला बोलू. आणि त्या सकाळी पोरीला कळा सुरू झाल्या. बाळंतपणाला आमच्याकडेच आली होती, जावईही सुट्टी काढून आलेला. दवाखाना पलीकडच्या काठाला. तळ्याला वळसा घालून जाणारा रस्ता? खणून ठेवलाय! का खणलाय ते खणणाऱ्यालाही ठाऊक नाही. जावयाची गाडी पलीकडच्या धक्क्यावर उभी. म्हटलं चला, होडीने जाऊ, लगेच पोचू.

मध्यावर रातोरात वाऱ्याने जलपर्णी आणून ठेवलेली. यंत्राच्या डोळ्याला ती पानं दिसली, त्याला वाटलं, आला काठ! झालं. घर्रर्र... मोटर वर. जावयाने बटण दाबलं, मोटर खाली. पानं दिसली, मोटर वर. खाली. वर. खाली. वर. अहो, शाळेत उठाबशा काढायला लावतात तसं! मी म्हटलं, सरक बाजूला, हाताने ओढतो. ओढतोय, ओढतोय, तसूभर हलेना! "मामा, ती लॉक असते, सुरक्षिततेसाठी." कुणाच्या? कुणाच्या सुरक्षिततेसाठी? मोटरीच्या! शेवटी त्याने डोळ्याची वायरच उपटली, तर बटणही मेलं, आणि मोटर राहिली वरच्या वर. तेव्हा पोरगी ओरडली, "बाबा, वल्ही काढा!"

एक वल्हं मी घेतलं, एक त्याला दिलं. जन्मात वल्हं धरलेलं नाही पोराने. मी पुढे ओढतोय, तो मागे ढकलतोय, होडी जागच्या जागी गोल गोल... ही म्हणते, "अहो, पोरीला गरगरतंय!" पोरीला? इथे सगळ्या तळ्याला गरगरत होतं! पोरगीच मग ताल धरायला लागली, "आता ओढा... आता सोडा... अहो, उलटं! उलटं!" पहिल्या कळेला नवरा 'अहो' होता, पुढच्या कळेला 'अरे' झाला, काठ येईपर्यंत काय काय झाला ते मी सांगत नाही, शेवटी मी बाप आहे.

पण आलो काठाला! हुश्श... म्हणालात ना? मीही म्हणालो. आता गाडी. गाडीला दार कसलं? आपोआप सरकणारं! "मामा, इथे काही अडचण नाही, हे मी स्वतः बनवलंय. फक्त बटण दाबायचं."

उघडलं. पोरीला बसवलं, ही बसली, मी बसलो. दार लागायला लागलं, आणि लागता लागता... परत उघडलं! आतून एक बाई गोड आवाजात, "कृपया अडथळा दूर करा." कसला अडथळा? पुन्हा बटण. दार आलं, थबकलं, गेलं. "कृपया अडथळा दूर करा." ही माझ्याकडे बघते, मी पोट आत घेतो. पुन्हा तेच! अहो, हिच्या पिशवीचा बंद लोंबत होता दाराच्या फटीत, पण कुणाच्या लक्षात येतंय त्या गोंधळात? आणि दार लागल्याशिवाय गाडी जागची हलणार नाही, तीही सुरक्षितताच! पोरीने एक कळ सोसली, दीर्घ श्वास घेतला, आणि त्या गोड बाईला म्हणाली, "अडथळा गेला खड्ड्यात," आणि उतरली. चालत! चढ चढून! एका बाजूला मी, एका बाजूला ही, मागून जावई धावतोय, "एकच मिनिट, रीसेट करतो, एकच मिनिट!"

दवाखान्याचं काचेचं दार आपोआप उघडलं हो... मी दचकून मागे सरलो. नर्स म्हणाली, "आजोबा, पेशंट तुम्ही आहात का?"

पोरीला आत नेलं. बाहेर बाकावर जावई बसला, हात मांडीवर उताणे. मी मनात शिव्या रचून ठेवल्या होत्या, चांगल्या निवडक. म्हटलं आता बोलतो. आणि ते तळहात दिसले. सोलून निघाले होते, फोड आलेले, फुटलेले. तसाच वल्हवत होता. हळूच म्हणाला, "मामा, तिला काही झालं असतं तर? माझ्यामुळे?" आणि तोंड भिंतीकडे फिरवलं पोराने. एक शिवी आठवेल तर शपथ! पाठीवर हात ठेवला आणि बसलो, तोवर आतून रडण्याचा आवाज आला. मुलगी! नाक हिचं, आवाज माझा.

आता इथे संपायला हवं ना? जावयाला माफ केलं, नात झाली, सगळे सुखी? पण वल्हवून वल्हवून माझी कंबर धरली. उठताना हाय, बसताना हाय. जावयाला कळलं, त्याचा जीव पुन्हा कळवळला, आणि परवा घरी आला खोका. खुर्ची! खाली तोच दांडा! बटण दाबलं की बैठक वर उचलते आणि माणूस अलगद उभा. मी म्हटलं, मरेन पण बसणार नाही. बसलो. आणि काय सांगू तुम्हाला... उत्तम चालते हो! कधी अडकत नाही, कधी थबकत नाही, जगातलं एकमेव यंत्र जे न चुकता चालतं!

फक्त बटण असतं हिच्याकडे. माझा चहा संपतो न संपतो, ही स्वयंपाकघरातून दाबते, मी आपला सावकाश, मानाने, वर वर येत उभा राहतो, आणि आतून आवाज येतो, "अहो, उभेच आहात, तर जरा दूध घेऊन या!"