पंख्याखाली कोण बसणार?

हसू नका, आधी ऐकून तर घ्या. मी सेकंड इयरला कॉलेज सोडलं आणि रांगोळीच्या ऑर्डरी घ्यायला लागले, तेव्हा अख्ख्या जूचंद्र गावात सगळ्यात जास्त कोण तापलं असेल, तर आमचे काका. भेटले की एकच, "पोरी, डिग्री घे, म्हंजे पंख्याखाली बसशील. रांगोळीनं कुनाचं पोट भरत नाय."

परवा विरारच्या एका कॉलेजात पदवीदान होतं. स्टेजसमोर प्रमुख पाहुण्यांचा चेहरा रांगोळीत काढायची ऑर्डर माझी. सकाळपासून ओणवी होऊन काढला. प्राचार्य एकदम खूश. मी म्हटलं, "सर, पाहुणे बघेपर्यंत हॉलचे पंखे बंदच ठेवा हां. जरा वारा लागला, की त्यांचं नाक उडालं."

आणि पाहुणेच आले नाहीत वेळेवर! अख्खा हॉल घामाघूम. त्यातच काळ्या गाऊनमध्ये माझा चुलतभाऊ आणि त्याचं कौतुक बघायला नवाकोरा सूट घालून आलेले काका. शेवटी ते शिपायावर ओरडले, "अरे, पंखे लाव ना!"

शिपाई म्हणाला, "मॅडमनी सांगितल्याशिवाय नाही लावणार. त्या प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसल्यात."

काका तणतणत केबिनमध्ये शिरले. आत मॅडम म्हणजे मी, चहा पीत बसलेली. डोक्यावर पंखा फुल्ल.

मी खुर्ची पुढे सरकवली. म्हटलं, "या काका, बसा. इथे डिग्री विचारत नाहीत."