धाकट्या सरांचा लांबचा नंबर

...आणि मला एक सांगा, ज्या माणसाला मैदानाच्या कडेला बाकावर बसायचंय, ज्याचे खेळाडू त्याच्यापासून चार हात अंतरावर धावतायत, त्याला लांबचा चष्मा लागतोच कशाला? नाही, तुम्हीच सांगा. माझं चष्म्याचं दुकान आहे, वडिलांच्या वेळचं. माणूस दारातून आत आला की त्याच्या कपाळावरच्या आठ्या बघून मी ओळखतो, याला जवळचं दिसत नाही, लांबचं दिसत नाही, की दिसतं सगळं पण बायकोनं धाडलंय. तर त्या दिवशी धाकटे सर आले, खुर्चीत बसले, आणि म्हणाले, "हल्ली लांबचं जरा धूसर दिसतं." मी मनात म्हटलं, लांबचं म्हणजे किती लांबचं... नदीपलीकडचं?

आता तुम्ही म्हणाल, काय संशयी माणूस आहे. मी संशयी माणूस नाही. माझ्या मनात फक्त एक विचार येतो, आणि तो शेवटाला गेल्याशिवाय मला जेवण जात नाही, एवढंच.

धाकटे सर म्हणजे आमच्या फुटबॉल क्लबचे सहायक प्रशिक्षक. थोरले सर म्हणजे मुख्य. ही नावं आम्हीच पाडलेली, वयावरून नाही, कोटावरून. थोरले सर लांब कोट घालून मैदानाच्या कडेला उभे राहतात, हाताची घडी, मान ताठ, आणि मधूनमधून ओरडतात, "चला, चला." कुठे चला, ते सांगत नाहीत. ते सांगायला मागे बाकावर धाकटे सर असतात. साधा स्वेटर, गळ्यात शिट्टी, आणि शिट्टीसुद्धा फुंकत नाहीत हो, नुसती बोटानं फिरवतात, आणि पोरांना त्यावरून कळतं.

धाकटे सर यायच्या आधी आमचा खेळ कसा होता, विचारू नका. आम्हाला कॉर्नर मिळाला की आमचेच लोक डोळे झाकायचे. म्हणजे बघा, कॉर्नर आमचा, बॉल आमचा, गोल व्हायचा समोरच्यांचा... कारण आमची सगळी फौज पुढे, बॉल त्यांच्या पायात, आणि मागे आमचा गोलकीपर एकटा, दुकान उघडं टाकून मालक जेवायला गेल्यासारखा. धाकट्या सरांनी काय केलं, क्लबच्या हॉलमधल्या खुर्च्या मैदानात आणून मांडल्या, खुर्च्या म्हणजे समोरचे बचाववाले, आणि पोरांकडून रोज सकाळी तेच तेच करून घेतलं. आमची चार पोरं एकामागे एक उभी राहतात, तिकिटाच्या रांगेत उभी असल्यासारखी. बॉल उडाला की चौघं चार दिशांना पांगतात, खिडकी बंद झाल्यासारखी. समोरचे कोणाकोणामागे धावणार? आणि मग तो आमचा उंच पोरगा, ज्याला सगळे शिडी म्हणतात, गोलपुढे एकटा उरतो. त्याला उडीसुद्धा मारावी लागत नाही. नुसतं डोकं पुढे करतो, नमस्कार केल्यासारखं. याच नमस्कारावर गेल्या मोसमात आम्ही पलीकडच्यांना हरवलं. मी बेकरीवाल्याला मिठी मारली आणि माझ्या काळ्या कोटावर पिठाचे दोन पंजे उमटले, ते मी कितीतरी दिवस झटकले नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो कोणाचा? थोरल्या सरांचा. हाताची घडी.

पलीकडचे म्हणजे नदीपलीकडचा क्लब. त्यांचा रंग पिवळा, आमचा निळा. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

तर हा बेकरीवाला. याची बेकरी मैदानाच्या फाटकासमोर, त्यामुळे क्लबमध्ये कोण आलं, कोण गेलं, कोणाचं तोंड वाकडं, सगळं याला ठाऊक. सर चष्म्याला आले त्याच्या आदल्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला, दार लावून घेतलं, आणि हळूच म्हणाला की धाकटे सर पुलावरून पलीकडे जाताना दिसले. मी म्हटलं, माणूस पुलावरून जाणारच, पोहत जाईल का? तो म्हणाला, हातात छत्री होती. बरं. पिवळी. मी विचारलं, पाऊस होता का? नव्हता. ऊन होतं का? तेही नव्हतं. मग मी उठून दाराची कडी पुन्हा एकदा बघून आलो.

आणि दुसऱ्या दिवशी हे माझ्यासमोर खुर्चीत, लांबचं दिसत नाही म्हणत!

मी काय केलं, दिवा मालवला, तपासणीची ती जड फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली, आणि एकेक भिंग घालत गेलो. आमचा धंद्यातला प्रश्न ठरलेला असतो, हे बरं की ते बरं. मी आवाज शक्य तेवढा साधा ठेवून विचारलं, "इकडचं बरं, की पलीकडचं बरं?" ते म्हणाले, "दोन्ही सारखंच वाटतं." ऐकलंत? दोन्ही सारखंच! मी पुन्हा विचारलं, नीट बघा, घाई करू नका, माणसानं पुढचा विचार करून सांगावं. त्यांनी डोळे बारीक केले आणि म्हणाले, "पलीकडचं थोडं स्वच्छ आहे." मी दिवा लावला. मला पुढे तपासवेना.

रात्री जेवताना हिला सांगितलं. ही म्हणजे आमची बायको. बाई चांगली आहे, पण माहेर नदीपलीकडचं. संसाराला इतकी वर्षं झाली, पण सामन्याच्या दिवशी ही कोणाच्या बाजूनं असते ते मला अजून कळलेलं नाही, गोल कोणाचाही झाला तरी "छान" म्हणते. ती म्हणाली, "लांबचं दिसत नसेल म्हणून चष्मा मागितला असेल." म्हणजे बघा, किती सफाईनं बाजू घेतली. तिचा भाऊ, माझा मेहुणा, पलीकडच्यांचा कट्टर माणूस, त्यांच्या क्लबच्या कार्यालयात कारकून. मी म्हटलं, तुझ्या भावाला विचार. ती म्हणाली, "तुम्हीच विचारा, माझ्या भावाला मी फक्त तब्येत विचारते." मी संशयी माणूस नाही, पण घरातच असं असेल तर माणसानं विश्वास ठेवायचा कुठे?

मेहुण्याला फोन केला. आडूनआडून विचारलं, काय म्हणतो क्लब, नवं काही? तो म्हणाला, "भाऊजी, हालचाल चालू आहे, पण मला बोलता येणार नाही." आणि हसला. तुम्हाला सांगतो, तो हसला नसता तर मी एवढं मनावर घेतलं नसतं.

मग पुढच्या खेपेला धाकटे सर पुलाकडे निघाल्याचं बेकरीवाल्यानं कळवलं, तसं मी दुकान बंद केलं आणि आम्ही दोघं मागं लागलो. मागं म्हणजे सहज, फिरायला निघाल्यासारखं. बेकरीवाल्याला म्हटलं होतं साधे कपडे घालून ये, तर हा पांढरा एप्रन घालूनच आला, म्हणाला माझे साधे हेच. पूल ओलांडला, बाजारपेठ ओलांडली, सर एका तीनमजली इमारतीत शिरले. खाली पाट्या होत्या. पहिला मजला शिवणाचे वर्ग, दुसरा मजला दातांचे डॉक्टर, तिसरा मजला वकील. बेकरीवाल्यानं माझा दंड धरला. "वकील," तो म्हणाला, "करार." मी म्हटलं, गप, दातही असतील. तो म्हणाला, दात आपल्याकडे काढून मिळत नाहीत का? आम्ही समोरच्या चपलांच्या दुकानात शिरलो आणि इतका वेळ चपला बघितल्या की शेवटी बेकरीवाल्याला एक जोड घ्यावाच लागला.

सर खाली आले. उजवा गाल सुजलेला, रुमाल तोंडावर. मला हायसं वाटलं, दातच होता. पण बेकरीवाला म्हणाला, हा दातांचा डॉक्टर पलीकडच्यांच्या संघाचाही डॉक्टर असेल तर? आपला माणूस त्यांच्या माणसापुढे तोंड उघडून बसलाय, आणि आत काय बोलणं झालं ते कोण सांगणार? आणि मला ते पटलं हो. शेवटी माझ्यानं राहवेना, मी पुढे झालो आणि रस्त्यातच विचारलं, "सर, तुम्ही आम्हाला सोडून जाणार का?" त्यांचं तोंड बधिर. ते म्हणाले, "अंहंअं." बस. अंहंअं. परत येताना अख्ख्या पुलावर आमचं यावरून भांडण, तो म्हणे हो म्हणाले, मी म्हणे नाही म्हणाले, तो म्हणे नाही म्हणताना मान अशी हलत नाही, मी म्हणे मान दुखण्यानं हलली...

तेव्हा ठरलं की असं कुढत बसण्यापेक्षा सरळ घरी जायचं आणि विनवायचं. मी संशयी माणूस नाही, आणि संशय नसलेला माणूस तोंडावर बोलतो. दोन दिवस जाऊ दिले, गाल उतरायला, आणि गेलो. बेकरीवाल्यानं केक आणला होता, निळ्या साखरेचा.

घर लहान, पण नीटनेटकं. बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या, त्यांवर आम्ही. सर पलंगावर. आणि दारामागे छत्री टांगलेली, पिवळी. वहिनी म्हणाल्या, ती माझी, यांची सापडत नाही म्हणून हे हीच नेतात. हे ऐकल्यावर खरं तर मी उठायला हवं होतं, पण केक कापायचा होता. आणि मी बोलायला लागलो. तुम्हाला सांगतो, असा बोललो मी, असा बोललो... म्हटलं, सर, आम्हाला सगळं माहीत आहे. पलीकडचे तुम्हाला मुख्य प्रशिक्षक करणार आहेत, मान्य. त्यांचं मैदान गालिच्यासारखं, मान्य. तिथे वर्तमानपत्रात फोटो तुमचाच येणार, कोटवाल्याचा नाही, तेही मान्य. पण आमच्या प्रेमाचं काय?

सर माझ्याकडे बघतच राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "मुख्य? मला?"

मी म्हटलं, सर, आमच्यापासून काय लपवता. तेवढ्यात वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात थांबल्या. त्यांनी विचारलं, "घरही देतात का हो ते?"

आता इथे बेकरीवाल्यानं गप्प बसायचं ना. तो म्हणाला, "देणारच, वहिनी. खिडकी उघडली की नदी."

वहिनींनी ट्रे टेबलावर ठेवला आणि सरांकडे बघितलं. सरांनी वहिनींकडे बघितलं. मला वाटलं, आमच्या शब्दांनी दोघांना गहिवरून आलंय. निघताना सरांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, म्हणाले, "तुमच्यामुळे मला माझी किंमत कळली." मी बाहेर येऊन बेकरीवाल्याला म्हटलं, बघितलंस, राहिले. जिन्यात आम्ही दोघंही डोळे पुसत होतो.

महिन्याभरात बातमी आली. धाकटे सर पलीकडच्यांचे मुख्य प्रशिक्षक.

मी तिथल्या तिथे मेहुण्याला फोन लावला, म्हटलं, शेवटी पळवलातच ना आमचा माणूस? आणि तो काय म्हणाला, ऐका, जरा बसून ऐका. तो म्हणाला, "भाऊजी, आम्ही कशाला पळवतो? तेच स्वतः आमच्या कार्यालयात आले. म्हणाले, तुम्ही मला बोलावणार असं ऐकलं. आमच्या अध्यक्षांना तर ते कोण हेच माहीत नव्हतं. मग त्यांनी खुर्च्या मागवल्या, हॉलमध्ये मांडल्या, आणि तो कॉर्नर करून दाखवला. अध्यक्ष बघतच राहिले." मी म्हटलं, मग ती तुझी हालचाल? ती कसली होती? तर म्हणाला, "ती थोरल्या सरांसाठी होती. आम्हाला वाटायचं, सगळी करामत त्यांचीच. त्यांना न्यायचं ठरलंच होतं, गाडी पाठवणार होतो. तुमच्या धाकट्यांनी येऊन वाचवलं बघा आम्हाला."

मी फोन ठेवला. ही म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, तुझ्या भावाची तब्येत उत्तम आहे.

म्हणजे नुसतं गप्प बसलो असतो तर थोरले सर गेले असते, कोटासकट, आणि धाकटे इथे मुख्य झाले असते. पण मला अजूनही वाटतं, यामागे कोणीतरी आहे. सरांच्या डोक्यात हे भरवलं कोणी? बेकरीवाला म्हणतो, आपणच. मी त्याच्याशी हल्ली जपूनच बोलतो. मी संशयी माणूस नाही, पण जो माणूस विचारल्याबरोबर नदीकाठचं घर वाटून मोकळा होतो, तो मुळात कोणाच्या बाजूचा आहे?

मोसमाचा पहिलाच सामना त्यांच्याशी. आम्ही तीन गोल खाल्ले, तीनही कॉर्नरवर, पिवळे कपडे घातलेली चार पोरं रांगेत उभी, आणि आमचा शिडी मधोमध उभा राहून आठवायचा प्रयत्न करतोय की हे आपण कुठे बघितलंय. थोरले सर कडेला उभे. चला, चला.

सामना संपल्यावर क्लबच्या हॉलमध्ये सभा झाली. थोरले सर व्यासपीठावर आले, कोटाची बटणं लावली, आणि भरल्या आवाजात म्हणाले की लोक येतात, लोक जातात, मला बाहेरून कितीही बोलावणी आली तरी मी या क्लबला मरेपर्यंत सोडणार नाही.

आम्ही टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत बसलो होतो, काय करणार.