मॅडमची खोली

मंडळी, आपण सगळे जमलात. मला बोलायला उभं केलंत खरं, पण मला भाषणाची सवय नाही. सांभाळून घ्या.

आपल्या सुनंदा मॅडम गेल्या आठवड्यात गेल्या. कसब्यातल्या या वाचनालयाच्या वरच्या खोलीत त्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायच्या. मी त्यांचा सगळ्यात म्हातारा विद्यार्थी. त्याआधीचं माझं शिक्षण सायकलच्या दुकानात झालेलं.

इंग्रजीतले काळ शिकवायला मॅडमनी कधी तक्ता लावला नाही. फरशीवर खडूची रेघ. रेघेवर उभं राहिलं की ते आत्ताचं. कालचं बोलायचं तर मागे सरायचं. नुसतं मनातलं, न घडलेलं बोलायचं, तरी मागेच. ती बघा, यवतमाळची वर्षा बसली आहे. इथे रुग्णालयात नर्स आहे. तिनं एकदा विचारलं, "मॅडम, 'आय वॉन्टेड टू आस्क' असं भूतकाळात कशाला? मले तं आत्ताच विचाराचं आहे नं!"

मॅडम म्हणाल्या, "सासऱ्यांना खेटून बसतेस का गं? अदबीनं अंतर ठेवतेस ना? तसंच हे. सर मागे, आणि विचार."

पोरगी मागे सरली आणि विचारलं. पुन्हा कधी अडली नाही.

आपल्या वाचनालयाचे अध्यक्ष अण्णासाहेब एकदा दारात आले. मोठी माणसं मागेपुढे सरताहेत! म्हणाले, "नाटकाची तालीम आहे का?" मॅडम म्हणाल्या, "दारातून बोलताय तोवर तुम्ही आमच्यासाठी भूतकाळ. आत या." आले नाहीत. अण्णासाहेब, चुकीचं सांगत असेन तर थांबवा मला.

आता ऐकतोय, सोमवारपासून ती खोली दुसऱ्या शिकवणीला जाणार. तिथे तक्ते पाठ करून घेणार. वर्षाची परदेशातल्या नोकरीची मुलाखत याच महिन्यात आहे. मॅडमकडे येण्याआधी, तक्ते पाठ करूनच ती मागच्या वेळी नापास झाली होती. तिनं कुठे जायचं?

शोकसभेत हे बोलू नये, कळतं मला. पण मग कुठे बोलू? कुलूप बदलल्यावर जिन्यात?

आम्ही जुने विद्यार्थी मिळून वर्ग चालवू. चुकू, अडखळू, पण चालवू. फक्त खोली हवी. अण्णासाहेब, हो की नाही, एवढंच सांगा. मी थांबतो.

...

मान हलवलीत ना? मंडळी, पाहिलंत ना सगळ्यांनी? वर्षा, डोळे पूस बाळा.

चला, आता उभे राहूया. मॅडमसाठी दोन मिनिटं कुणीही काही बोलायचं नाही.

अण्णासाहेब, तुम्हीसुद्धा.